गाभ्यातून उष्णता बाहेर कशी पडते? पाण्यावर न चालणाऱ्या अणुभट्ट्यांची ओळख

अणुभट्टीचा विषय निघाला की सगळं लक्ष विखंडनाकडे जातं. युरेनियमचं अणुकेंद्र फुटतं, न्यूट्रॉन सुटतात, ते पुढची केंद्रं फोडतात. गाभ्याचा आराखडा करणाऱ्या अभियंत्यापुढचा पेच मात्र वेगळा असतो. विखंडन वाढवणं तसं अवघड नाही. नियंत्रणदांड्या थोड्या वर घेतल्या की साखळी जोर धरते. अडचण येते उष्णतेची. जेवढी उष्णता तयार होते तेवढी त्याच वेगाने बाहेर नेता आली नाही, तर आधी इंधनाचं आवरण आणि मग इंधन हातचं जातं. इंधनाच्या कांड्या किती जाड असाव्यात, एकमेकींपासून किती अंतरावर असाव्यात, गाभा उंच असावा की बसका, शीतक (उष्णता वाहून नेणारा द्रव किंवा वायू) कोणता आणि तो किती वेगाने वाहावा, हे सगळं त्या उष्णतेच्या वाटेवरून ठरतं. या शास्त्राला थर्मल हायड्रॉलिक्स म्हणतात. सोडियम, शिसं, हेलियम किंवा वितळलेले क्षार वापरणाऱ्या भट्ट्यांची चर्चा सध्या जोरात आहे. त्यांचे गाभे एकमेकांपासून इतके वेगळे का दिसतात, हे कळायला या शास्त्रातल्या दोन-चार गोष्टी पक्क्या समजून घ्याव्या लागतात.

सुरुवात जगात सर्वाधिक संख्येने असलेल्या दाबयुक्त पाण्याच्या भट्टीपासून करू, कारण बाकीच्यांची तुलना तिच्याशीच होते.

या भट्टीत युरेनियम ऑक्साइडच्या छोट्या दंडगोल गोळ्या असतात, व्यास साधारण ८ मिलिमीटर. त्या झिर्कोनियम मिश्रधातूच्या नळीत एकावर एक रचलेल्या असतात. नळीची भिंत अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड. अशा हजारो कांड्यांमधल्या जागेतून सुमारे १५५ बार (एक बार म्हणजे साधारण हवेचा दाब) दाबाखालचं पाणी खालून वर जातं. आत येताना ते २९० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि बाहेर पडताना ३२५ च्या. एवढा दाब ठेवावा लागतो, कारण त्याशिवाय या तापमानाला पाणी द्रवरूपात राहणारच नाही.

आता गोळीच्या मध्यबिंदूपासून पाण्यापर्यंतचा प्रवास पाहा. युरेनियम ऑक्साइड उष्णतेचं फार वाईट वाहक आहे. एका मीटर लांबीच्या कांडीतून सरासरी १८ किलोवॉट उष्णता निघते असं धरलं, तर गोळीचा मध्य तिच्या पृष्ठभागापेक्षा जवळपास पाचशे अंशांनी जास्त तापलेला असतो. नळीच्या धातूत जेमतेम वीस-पंचवीस अंश उतरतात आणि नळी ते पाणी या टप्प्यात त्याहूनही थोडे कमी. म्हणजे तापमानाचा मोठा उतार इंधनाच्या आतच संपतो. ऑक्साइड २८०० अंशांच्या वर वितळतं, त्यामुळे एरवी भरपूर अंतर राहतं. पण गाभ्यात काही कांड्यांचे काही भाग सरासरीच्या दुपटीहून जास्त उष्णता देऊ शकतात आणि आराखडा त्यांच्यासाठी करावा लागतो.

इथे एक सुंदर गणिती निष्कर्ष निघतो. मीटरमागे उष्णता तीच ठेवली, तर गोळीच्या मध्य आणि कडेमधला तापमानाचा फरक गोळीच्या जाडीवर अवलंबून राहत नाही. कांडी बारीक केली की उष्णतेला कमी अंतर कापावं लागतं, पण तिला बाहेर पडायला पृष्ठभागही तेवढाच कमी मिळतो. दोन्ही परिणाम एकमेकांना तंतोतंत रद्द करतात. म्हणून अर्ध्या व्यासाची कांडी मीटरमागे तेवढीच उष्णता त्याच मध्य-तापमानाला देऊ शकते, आणि तिचं आकारमान मात्र एक चतुर्थांश असतं. लहान जागेतून खूप उष्णता काढायची असेल तर कांड्या बारीक करा आणि संख्येने वाढवा, ही वाट इथूनच निघते. वेगवान न्यूट्रॉनांच्या भट्ट्या, म्हणजे ज्यांत न्यूट्रॉनांचा वेग मुद्दाम कमी केला जात नाही अशा भट्ट्या, हेच करतात.

कांडीच्या पृष्ठभागावर दुसरी मर्यादा उभी असते. १९३४ मध्ये जपानच्या शिरो नुकियामा यांनी पाण्यात बुडवलेली तार विजेने तापवून उकळण्याचा सगळा प्रवास मोजला. आधी छोटे बुडबुडे सुटतात आणि त्यांच्यामुळे उष्णता झपाट्याने वाहून जाते. उष्णता आणखी वाढवत नेली की एका क्षणी बुडबुडे एकमेकांना चिकटून धातूवर वाफेची सलग चादर पसरते. तापलेल्या तव्यावर पडलेला पाण्याचा थेंब आटून न जाता तुरुतुरु पळतो, तो याच चादरीमुळे: खालच्या वाफेमुळे थेंबाला तवा शिवतच नाही. थेंबाचं यात भलं होतं, कांडीचं मात्र नाही. उष्णता बाहेर जाण्याचा मार्ग एकदम बंद होतो आणि क्षणात आवरणाचं तापमान शेकडो अंशांनी उडी घेतं. झिर्कोनियम १२०० अंशांच्या आसपास पोचलं की ते वाफेशी जोरात अभिक्रिया करतं, त्यातून आणखी उष्णता आणि हायड्रोजन निघतो. म्हणून ज्या उष्णताप्रवाहाला ही चादर पसरेल, त्यापासून सर्वांत तापलेली कांडीही ठरावीक अंतर राखून असली पाहिजे, असा नियम असतो. चादर पसरवणारा उष्णताप्रवाह आणि प्रत्यक्षातला उष्णताप्रवाह यांचं गुणोत्तर साधारण १.३ च्या आसपास धरतात. कोणतं समीकरण वापरलं त्याप्रमाणे आकडा थोडा बदलतो.

आणि भट्टी बंद केली तरी हिशेब संपत नाही. विखंडनातून उरलेली किरणोत्सारी द्रव्यं क्षय पावत राहतात. बंद केल्याक्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने साधारण दीड टक्का, दिवसाने अर्धा टक्का. तीन हजार मेगावॉट उष्णतेच्या भट्टीत अर्धा टक्का म्हणजे १५ मेगावॉट. २०११ मध्ये फुकुशिमात साखळी अभिक्रिया भूकंप होताच व्यवस्थित थांबली होती. गाभे वितळले ते या उरलेल्या उष्णतेने. कोणत्याही नव्या भट्टीची जाहिरात वाचताना मी सगळ्यात आधी हेच शोधतो: पंप बंद, वीज गेलेली, अशा वेळी ही अर्धा-एक टक्का उष्णता कोणत्या वाटेने बाहेर जाणार? वीजदर, आकार, बांधणीचा काळ हे सगळं त्यानंतर.

पाणी तेच, इंधन वेगळं

शीतक न बदलताही गाभा बदलता येतो. एमआयटीतल्या संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात कडीसारख्या पोकळ गोळ्यांचा तपशीलवार अभ्यास केला. कांडीच्या आतूनही पाणी वाहतं आणि बाहेरूनही. उष्णतेला दोन्ही बाजूंनी वाट मिळाल्यामुळे इंधनाचं कमाल तापमान खूप उतरतं आणि त्याच आकाराच्या गाभ्यातून पन्नास टक्क्यांपर्यंत जास्त शक्ती काढता येईल असं गणित मांडलं गेलं. यातली मेख अशी की आतल्या वाहिनीचं पाणी शेजारच्या पाण्यात मिसळू शकत नाही. कांड्यांच्या नेहमीच्या जुडग्यात एका जागी पाणी जास्त तापलं तर आजूबाजूचं थंड पाणी आडवं शिरून सावरून घेतं. आतली वाहिनी मात्र एकटी पडते. तिच्या तोंडाशी कचरा अडकला तर वाचवायला कोणी नाही. शिवाय आत किती उष्णता जाईल आणि बाहेर किती, हे गोळी आणि नळीमधल्या केसाएवढ्या फटींवर ठरतं, आणि इंधन फुगत जाईल तशा या फटी बदलत राहतात.

दुसरा पर्याय हायड्राइड इंधनाचा. झिर्कोनियम हायड्राइडमध्ये युरेनियम मिसळलेलं हे इंधन १९५८ पासून ट्रायगा या संशोधन भट्ट्यांत वापरात आहे. त्याची उष्णतावाहकता ऑक्साइडच्या पाचपटीच्या घरात आहे. न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारा हायड्रोजन इंधनातच असल्यामुळे त्या कामासाठी कांड्यांमध्ये पाणी कमी लागतं, आणि म्हणून कांड्यांची जाडी आणि अंतर निवडायला बरीच मोकळीक मिळते. पण सातशे-साडेसातशे अंशांच्या पुढे हायड्रोजन इंधन सोडून जाऊ लागतो. म्हणजे वाहकतेत जे कमावलं ते तापमानाच्या मर्यादेत बरंचसं परत द्यावं लागतं.

कांड्या जवळजवळ आणण्याचा मोह प्रत्येक आराखड्यात असतो, म्हणून त्याची किंमतही सांगून ठेवतो. अंतर कमी केलं की पाण्याचा वेग वाढवावा लागतो, आणि दाबातली घट वेगाच्या जवळपास वर्गाच्या प्रमाणात वाढते. पंप मोठा लागतो. वेगवान पाण्यात कांड्या थरथरतात आणि ज्या जाळीने त्या धरून ठेवल्या आहेत तिच्यावर घासून झिजतात. चालू भट्ट्यांत इंधनाची नळी गळण्याचं हे फार मोठं कारण ठरलेलं आहे.

शीतक बदलला की

शीतकांची तुलना करायला मला एक माप सर्वांत बोलकं वाटतं: एक घनमीटर शीतक एका अंशाने तापताना किती उष्णता उचलतो? भट्टीतल्या दाबाला आणि तापमानाला पाणी सुमारे ३९ लाख ज्यूल उचलतं. लिथियम आणि बेरिलियमच्या फ्लोराइडचं मिश्रण, ज्याला फ्लाइब म्हणतात, ते ४६ लाख. शिसं १५ लाख. सोडियम ११ लाख. आणि ७० बार दाबाखालचं, पाचशे अंशांचं हेलियम? जेमतेम २३ हजार. पाण्याच्या जवळपास एकशे सत्तरपट कमी. या एका रांगेतल्या आकड्यांवरून पुढचे बरेच आराखडे ओळखता येतात.

सोडियम ९८ अंशांना वितळतो आणि वातावरणाच्या दाबाला ८८३ अंशांना उकळतो. म्हणजे साडेपाचशे अंशांवर काम करूनही दाब जवळजवळ नको. जाडजूड दाबपात्र गेलं, दाब सुटून शीतक उडून जाण्याची भीती गेली. त्याची उष्णतावाहकता पाण्याच्या शंभरपटीहून जास्त आहे. अशा द्रवात कांड्या अगदी जवळ ठेवता येतात. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या वेगवान प्रजनक भट्टीत इंधनाची कांडी फक्त ६.६ मिलिमीटर व्यासाची आहे आणि षटकोनी नळीच्या एकेका जुडग्यात अशा २१७ कांड्या आहेत. सोडियम आत येतो ३९७ अंशांना, वरच्या कुंडात पोचतो ५४७ अंशांना. पाण्याच्या भट्टीत ही वाढ पस्तीस अंशांची असते, इथे दीडशेची.

षटकोनी रचना अंतर न वाया घालवता गोल कांड्या दाटीने बसवते. कांड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून प्रत्येकीभोवती बारीक तार मळसूत्रासारखे वळसे घेत गुंडाळलेली असते. ही तार मला या सगळ्या शास्त्रातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. ती अंतर राखते, कांडीला थरथरू देत नाही, आणि वर जाणाऱ्या सोडियमला सतत बाजूला ढकलून शेजारच्या वाहिन्यांत मिसळवते. एका तारेत तिन्ही कामं होतात.

पण पाण्यासाठी बांधलेली समीकरणं सोडियमला लावता येत नाहीत. पाण्यात उष्णता मुख्यतः प्रवाहाच्या घुसळणीने पसरते. भिंतीलगतचा पातळ थर ओलांडला की काम सोपं होतं. सोडियममध्ये उष्णता धातूतून जावी तशी द्रवातूनच पुढे जाते, घुसळण असो वा नसो. द्रव धातूंसाठीच्या लायन यांच्या १९५१ च्या समीकरणात हे स्पष्ट दिसतं: प्रवाहावर अवलंबून असलेल्या पदाआधी ७ हा एक स्थिर आकडा आहे. प्रवाह अगदी मंदावला तरी तो आकडा शिल्लक राहतो, म्हणजे पंप थांबल्यावरही भिंतीकडून द्रवाकडे उष्णता चांगली जात राहते.

याची उलट बाजूही आहे. भिंतीपाशी अडथळा नसल्यामुळे सोडियमचं तापमान बदललं की पोलाद ते लगेच अनुभवतं. दोन जुडग्यांतून वेगळ्या तापमानाचे प्रवाह वर येऊन मिसळतात, तिथे सेकंदाला कित्येकदा तापमान वरखाली होतं, आणि वरच्या पोलादी भागांना थकव्याने भेगा पडू शकतात. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक जुडग्याच्या तळाशी त्याच्या उष्णतेनुसार लहान-मोठी छिद्रं ठेवतात. मधल्या तापट जुडग्यांना जास्त सोडियम, कडेच्या थंड जुडग्यांना कमी, म्हणजे वर सगळे शक्य तितक्या सारख्या तापमानाला पोचतात.

बंद षटकोनी नळीचा धोका ५ ऑक्टोबर १९६६ रोजी डेट्रॉइटजवळच्या फर्मी-१ भट्टीत दिसला. गाभा वितळलाच तर तो पसरावा म्हणून तळाशी एक शंकू होता आणि त्यावर झिर्कोनियमचे पत्रे बसवले होते. त्यातला एक पत्रा सोडियमच्या प्रवाहाने सुटला, वर वाहत गेला आणि जुडग्यांच्या तोंडाशी आडवा बसला. सोडियम अडला आणि दोन जुडग्यांमधलं इंधन काही प्रमाणात वितळलं. पंप ठणठणीत, दाब योग्य, एकूण प्रवाहही जवळपास तेवढाच. बिघाड होता तो फक्त एका कोपऱ्यात. त्यानंतर आलेल्या आराखड्यांत जुडग्याच्या पायाला एका मोठ्या तोंडाऐवजी बाजूंनी अनेक छिद्रं असतात, म्हणजे एका पत्र्याने सगळी एकदम बंद होऊच शकत नाहीत. गाभ्याच्या सरासरीवर विसंबू नये, हे इतक्या ठळकपणे सांगणारी दुसरी घटना मला माहीत नाही.

वेगवान भट्टीत आकार बदलला की शक्ती बदलते, हे आणखी एक अवघड प्रकरण. कांडीची एक बाजू जास्त तापली की ती त्या बाजूने प्रसरण पावते आणि वाकते. १९५५ मध्ये आयडाहोतल्या ईबीआर-१ या प्रायोगिक भट्टीत कांड्या अशाच आतल्या बाजूला वाकल्या. इंधन मध्याकडे सरकल्यामुळे शक्ती वाढली, आणि एका चाचणीदरम्यान गाभ्याचा काही भाग वितळला. पुढच्या भट्ट्यांत कांड्या आणि जुडगे तापल्यावर बाहेरच्या बाजूला पसरतील अशा रीतीने आवळले गेले. त्याचं फळ ३ एप्रिल १९८६ रोजी ईबीआर-२ मध्ये दिसलं. भट्टी पूर्ण शक्तीवर चालू असताना नियंत्रणदांड्या मुद्दाम न टाकता आधी पंप थांबवले, आणि त्याच दिवशी दुसऱ्या चाचणीत उष्णता बाहेर नेणारी वाट बंद केली. सोडियम तापला, गाभा फुलला, न्यूट्रॉन जास्त निसटू लागले आणि साखळी आपोआप मंदावली. इंधनाला इजा झाली नाही.

ते इंधन ऑक्साइड नव्हे तर धातूचं होतं, याचा या यशात मोठा वाटा आहे. धातूचं इंधन उष्णता चांगली वाहतं, म्हणून त्याचा मध्य सोडियमपेक्षा फार तापलेला नसतो. ऑक्साइडचा मध्य फार तापलेला असतो. शक्ती उतरली की तो खूप थंड होतो, आणि इंधन थंड झालं की साखळीला पुन्हा जोर मिळतो. अशा गाभ्याला आपोआप शांत व्हायला शीतक आणखी तापावा लागतो. मोठ्या सोडियम गाभ्यांत दुसरीही एक काळजी असते: मध्यभागी सोडियम उकळून पोकळी झाली तर शक्ती वाढू शकते. म्हणून काही आराखड्यांत गाभा मुद्दाम बसका आणि रुंद ठेवतात, म्हणजे वरून-खालून न्यूट्रॉन निसटायला वाव राहतो. न्यूट्रॉनांचं गणित आणि उष्णतेचं गणित इथे वेगळं काढताच येत नाही.

शिसं सोडियमपेक्षा शांत आहे. हवेत पेट घेत नाही, पाण्याशी भांडत नाही, उकळतं १७४९ अंशांना. पण ते ३२७ अंशांनाच गोठतं, म्हणून सगळी यंत्रणा कायम तापलेली ठेवावी लागते, आणि वेगाने वाहणारं शिसं पोलाद खातं. त्यामुळे वेग साधारण सेकंदाला दोन मीटरच्या आत ठेवतात. वेग कमी म्हणजे तेवढीच उष्णता न्यायला वाट रुंद हवी, म्हणून कांड्या दूरदूर. त्याचा एक फायदा आपोआप मिळतो: रुंद वाटेत घर्षण कमी, आणि पंप थांबला तरी तापलेलं शिसं वर आणि थंड खाली असं स्वतःच फिरत राहतं. एक गोष्ट मात्र सहसा डोळ्यांसमोर येत नाही. पोलाद शिशावर तरंगतं. जुडगे वर येऊ नयेत म्हणून त्यांना वरून दाबून किंवा खाली अडकवून ठेवावं लागतं. रशियात सेव्हेर्स्क इथे २०२१ पासून बांधकाम चालू असलेली ब्रेस्ट-३०० ही शिशावरची पहिली मोठी वीज भट्टी ठरेल. शिसं-बिस्मथवर चालणाऱ्या सोव्हिएत पाणबुड्यांनी याआधी एक कडू धडा दिला होता: १९६८ मध्ये के-२७ पाणबुडीत शीतकातले ऑक्साइडचे गाळ गाभ्यात अडकले, प्रवाह तुटला आणि खलाशांचे जीव गेले. द्रवात विरघळलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण नेमकं राखणं, हे तेव्हापासून या भट्ट्यांचं रोजचं काम झालं.

हेलियम: कमी शक्तीची ताकद

घनमीटरमागे २३ हजार ज्यूल. एवढ्या हलक्या शीतकाने दाट गाभा थंड करायचा म्हटलं तर प्रचंड वेग लागेल. म्हणून हेलियमच्या भट्ट्यांनी वेगळीच वाट धरली: गाभाच विरळ करून टाकला. चीनच्या शानडोंग प्रांतातली एचटीआर-पीएम भट्टी डिसेंबर २०२३ मध्ये व्यावसायिक रीतीने चालू झाली. तिच्या दोन्ही गाभ्यांत ६० मिलिमीटर व्यासाचे ग्राफाइटचे गोळे आहेत, एकेका गाभ्यात चार लाखांहून जास्त. प्रत्येक गोळ्यात इंधनाचे हजारो सूक्ष्म कण आणि प्रत्येक कणाभोवती कार्बन व सिलिकॉन कार्बाइडची कवचं. पाण्याच्या भट्टीत एका घनमीटर गाभ्यातून सुमारे १०० मेगावॉट उष्णता निघते. इथे जेमतेम तीन-साडेतीन. हेलियम ७० बार दाबाने २५० अंशांना आत येतं आणि ७५० ला बाहेर पडतं.

गाभ्याची उंची ११ मीटर आणि व्यास फक्त ३ मीटर. हा लांबट आकार उरलेल्या उष्णतेसाठी आहे. हेलियम पूर्ण निघून गेलं तरी उष्णता गोळ्यातून गोळ्यात, तिथून ग्राफाइटच्या भिंतीत, मग पात्रात आणि पात्रापासून बाहेरच्या पाण्याच्या नळ्यांकडे वहन आणि प्रारणाने जाते. मध्यापासून भिंत दूर असती तर मधले गोळे फार तापले असते. सुमारे १६०० अंशांपर्यंत कवचं टिकतात, आणि आकार त्या आकड्याखाली राहण्यासाठी ठरवला आहे. २०२३ मध्ये दोन्ही गाभ्यांवर, प्रत्येकी २०० मेगावॉटवर चालू असताना, शीतकरण मुद्दाम तोडून पाहिलं गेलं. ते आपापले थंड झाले. दाट गाभ्याला हे जमणार नाही, आणि म्हणूनच ही भट्टी तेवढ्या विजेसाठी इतकी मोठी जागा घेते. माझ्या मते हा सौदा योग्य आहे, पण तो सौदा आहे हे विसरू नये.

वायूचा एक स्वभाव मात्र सतत सांभाळावा लागतो. एखादी वाट जास्त तापली की तिथलं हेलियम विरळ होतं आणि त्याचा चिकटपणाही वाढतो. दोन्हींमुळे त्या वाटेचा अडथळा वाढतो, आणि प्रवाह शेजारच्या थंड वाटांकडे वळतो. जिथे सर्वांत जास्त हेलियम हवं तिथूनच ते निघून जातं. त्यातच काही हेलियम ग्राफाइटच्या ठोकळ्यांमधल्या फटींतून गाभ्याला वळसा घालून जातं. कोलोरॅडोतल्या फोर्ट सेंट व्रेन भट्टीत ठोकळे थोडे सरकून या फटी उघडत-मिटत राहिल्या, आणि बाहेर येणाऱ्या हेलियमचं तापमान लयीत वरखाली होऊ लागलं. ठोकळे वरून एकमेकांना बांधल्यावर ते थांबलं.

इंधनच वाहतं तेव्हा

वितळलेल्या क्षारांच्या भट्टीत युरेनियम शीतकातच विरघळलेलं असतं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत १९६५ ते १९६९ या काळात चाललेल्या प्रायोगिक भट्टीत हे द्रव ग्राफाइटच्या खाचांतून वर जायचं, ६३५ अंशांना आत आणि ६६३ ला बाहेर. इथे कांडी नाही, गोळी नाही, आवरण नाही. सुरुवातीला सांगितलेला तापमानाचा पाचशे अंशांचा उतार पूर्णच नाहीसा होतो. त्याऐवजी नवा प्रश्न उभा राहतो: उष्णता द्रवाच्या प्रत्येक थेंबात तयार होते, म्हणून जिथे द्रव रेंगाळतो तिथे तो तापतो. तळाचे कोपरे, ग्राफाइटच्या वळणामागची जागा, भिंतीलगतचा संथ थर, अशा ठिकाणी प्रवाह नीट पोचतो का, हे पाहणं हा या आराखड्याचा गाभाच आहे. क्षार गरम पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी दाट आणि चिकट असतात, त्यामुळे अरुंद खाचांत ते सहज संथ वाहू लागतात. भरीला, साखळी ताब्यात ठेवायला मदत करणाऱ्या उशिरा सुटणाऱ्या न्यूट्रॉनांचे काही जनक द्रवाबरोबर गाभ्याबाहेर नळ्यांत जातात. पंपाचा वेग बदलला की साखळीचा स्वभावही बदलतो.

याच क्षाराचा इंधनाविना शीतक म्हणून वापर करून त्यात ग्राफाइटचे इंधनगोळे टाकण्याची कल्पना मला विशेष आवडते. फ्लाइबची घनता गोळ्यांपेक्षा जास्त असल्यामुळे गोळे तरंगतात. म्हणून ते तळातून आत सोडतात आणि वरून काढतात. हेलियमच्या भट्टीच्या नेमकं उलट. उष्णता उचलण्यात पाण्यालाही मागे टाकणारं द्रव आणि १६०० अंश सोसणारं इंधन, दोन्ही दाबाशिवाय एकत्र येतात.

अतिक्रांतिक पाण्याचा पर्याय थोडक्यात सांगतो. २५० बारला पाणी उकळत नाही, ३८५ अंशांच्या आसपास ते हळूहळू पण फार मोठ्या प्रमाणात विरळ होतं. गाभ्याच्या तळाशी जी घनता असते ती माथ्यावर आठव्या हिश्श्यावर येते. वाफेची चादर पसरण्याचा प्रश्न नाही, पण भिंतीलगतचं हलकं पाणी घुसळण मारून टाकतं आणि आवरण अचानक तापू शकतं. हे कधी घडेल हे सांगणारी समीकरणं अजून एकमेकांशी जुळत नाहीत, आणि अशी वीज भट्टी आजवर उभी राहिलेली नाही.

हे सगळं ताडून कसं पाहतात?

गणित तीन पातळ्यांवर होतं. संपूर्ण यंत्रणेचा हिशेब करणारे प्रोग्राम पंप, नळ्या, उष्णता विनिमयक सगळं एकत्र धरतात. कांड्यांमधल्या प्रत्येक फटीला स्वतंत्र वाहिनी मानून शेजाऱ्यांशी होणारी देवाणघेवाण मोजणारे दुसरे. आणि प्रवाहाचे भोवरे चित्रित करणारे तिसरे, ज्यांना महासंगणक लागतो. तिन्हींना शेवटी मोजमापाचाच आधार हवा.

जर्मनीतल्या युलिश इथली एव्हीआर ही गोळ्यांची भट्टी १९६७ ते १९८८ चालली. चालू गाभ्यात तापमापक घालणं शक्य नव्हतं, म्हणून १९८६ मध्ये वेगवेगळ्या तापमानांना वितळणाऱ्या धातूंच्या बारीक तारा भरलेले ग्राफाइटचे गोळे तिच्यातून फिरवले गेले. काही गोळ्यांत सगळ्या तारा वितळलेल्या निघाल्या. म्हणजे ते १२८० अंशांच्या पलीकडे गेले होते, आणि गणिताने एवढं तापमान दाखवलं नव्हतं.

सोडियमची गोष्ट थोडी सोपी, थोडी अवघड. ४०० अंशांचा सोडियम आणि ९० अंशांच्या जवळपासचं पाणी, दोघांचा घनतेच्या तुलनेतला चिकटपणा जवळजवळ सारखा आहे. त्यामुळे सोडियम गाभ्यातला प्रवाह, थरथर, दाबातली घट हे सगळं पारदर्शक नमुन्यात गरम पाणी सोडून डोळ्यांनी पाहता येतं. उष्णता कशी पसरेल हे मात्र त्या नमुन्यातून कळत नाही, कारण तिथे पाणी सोडियमसारखं वागत नाही. त्यासाठी विजेने तापवलेल्या कांड्या खऱ्या सोडियमच्या कुंडात बुडवाव्या लागतात, आणि त्या अपारदर्शक द्रवात काय चाललं आहे ते आवरणावर बसवलेल्या तापमापकांच्या आकड्यांवरून एकेका बिंदूने जुळवत न्यावं लागतं.